जुनी होपी भांडी ओळखताना नाव सगळ्यात शेवटी वाचा

होपी या अमेरिकेतल्या आदिवासींची मातीची भांडी जमवायला लागलेला माणूस बहुतेक वेळा भांडं उलटं करून तळाशी नाव शोधतो. ही सवय आधी सोडा. १९३० पूर्वीच्या बहुतेक भांड्यांवर कुणाचंही नाव नाही, आणि जिथे आहे तिथे ते नंतर कुणी तरी लिहिलेलं असण्याची शक्यता बरीच. भांडं वाचायचा क्रम असा ठेवा: माती, लेप, भाजणी, घडण, रंगकाम, आणि त्यानंतर नाव. पहिल्या पाचांत जे बसत नाही ते सहाव्याने सिद्ध होत नाही.

कुठलं आणि कधीचं

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या ईशान्येला सपाट माथ्याचे तीन डोंगर आहेत: फर्स्ट मेसा, सेकंड मेसा आणि थर्ड मेसा. होपींची जुनी गावं यांच्या माथ्यावर आणि पायथ्याशी वसलेली आहेत. गेल्या दीडशे वर्षांतली भांडी जवळजवळ सगळी फर्स्ट मेसाची, म्हणजे वाल्पी, सिचोमोवी आणि हानो या गावांची. सेकंड आणि थर्ड मेसाची ओळख टोपल्यांसाठी आहे. म्हणून कुणी ‘थर्ड मेसाचं शंभर वर्षांपूर्वीचं भांडं’ म्हणून काही पुढे केलं, तर त्याचा पुरावा मागा. हानोचे लोक मुळात तेवा भाषा बोलणारे. स्पॅनिश राजवटीविरुद्धच्या १६९६च्या उठावानंतर ते रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातून इथे आले. त्यामुळे हानोच्या कुंभारणींच्या कामाला जाणकार ‘होपी-तेवा’ म्हणतात. चांगल्या विक्रेत्याच्या पावतीवरही तसंच लिहिलेलं असतं.

काळाची ढोबळ विभागणी पाठ असली की निम्मं काम सोपं होतं. साधारण १३०० ते १६०० या काळातली पिवळी भांडी, जेडिटो आणि सिक्यात्की या नावांनी ओळखली जाणारी, दगडी कोळशावर भाजलेली आहेत. कोळसा त्याच डोंगरांतून निघायचा. आच जास्त मिळायची, म्हणून ही भांडी कडक आणि पातळ आहेत. १६२९ मध्ये अवाटोवी गावात स्पॅनिश मिशन आलं आणि सान बर्नार्डो प्रकारात जाड भिंती, तळाला गोल कड्यासारखी बैठक आणि युरोपी धाटणीच्या थाळ्या दिसू लागल्या. स्पॅनिशांविरुद्धच्या १६८०च्या उठावानंतर शंभर वर्षं पायुपकी प्रकार चालला. तो बाजारात क्वचितच येतो. त्यानंतर साधारण १७८० ते १९०० हा पोलाका प्रकाराचा काळ. १९००च्या आसपासपासून पुढचा प्रकार ‘हानो पॉलिक्रोम’ (बहुरंगी) म्हणून ओळखतात. संग्राहकाच्या हाती खऱ्या अर्थाने येतात ते हे शेवटचे दोन, आणि पुढचं बरंचसं त्यांच्याविषयीच आहे.

पोलाका: पांढरा लेप आणि त्याचं तडकणं

१७८०च्या सुमाराला दुष्काळ आणि देवीची साथ यांमुळे अनेक होपी कुटुंबं शेजारच्या न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांकडे आश्रयाला गेली. परतताना झुनी पद्धतीचा पांढरा लेप आणि झुनी नक्षी बरोबर आली. पोलाका भांड्याच्या अंगावर पांढऱ्या मातीचा जाडसर लेप असतो. तो वाळताना आणि भाजताना अंगाच्या मातीपेक्षा जास्त आकसतो, म्हणून त्यावर बारीक जाळीसारखे तडे पडतात. पोलाकाची ही सगळ्यात भरवशाची खूण.

तडे दहापट भिंगाखाली बघा. खऱ्या तड्यांच्या कडा लेपाच्या पूर्ण जाडीतून गेलेल्या दिसतात आणि तळाशी अंगाची पिवळसर किंवा तांबूस माती डोकावते. मळ असमान असतो: हात लागायच्या जागी, काठाजवळ, पोटाच्या फुगवट्यावर जास्त; गळ्याच्या सांध्यात कमी. सगळे तडे एकाच गडदपणाने भरलेले असतील तर रंग किंवा पॉलिश मुद्दाम चोळलेलं असू शकतं. तडे काचेसारख्या चकचकीत थरात असतील तर ते काचलेपाचं भांडं आहे. होपी भांड्यांना काचलेप नसतो, त्यांची चमक दगडाने घोटल्याची असते.

झुनी आणि पोलाका यांची गल्लत फार होते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण नक्षी खरोखरच तिकडून आलेली. झुनी भांड्याच्या मातीत कुटलेली जुनी खापरं मिसळलेली असतात, तुटलेल्या कडेत ते कण दिसतात. त्याचा लेप पोलाकासारखा सरसकट तडकत नाही आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या झुनी भांड्याचा तळ गडद तपकिरी रंगवलेला असतो. न्यू मेक्सिकोतल्याच अ‍ॅकोमा गावाचं भांडं हातात घेताच वेगळं कळतं: पातळ, हलकं, कडक आणि शुभ्र.

पोलाकात रोजच्या वापराच्या वस्तू भरपूर. पसरट काठाचे रश्श्याचे वाडगे, पीठ मळायचे मोठे वाडगे, पाण्याचे घडे, डाव, आणि एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने घुमट, दोरीसाठी कान असलेल्या पाणी न्यायच्या सुरया. अशा वस्तूवर वापराच्या खुणा हव्यातच: डावाच्या टोकाची एक बाजू झिजलेली, वाडग्याच्या आत चमच्याचे ओरखडे, सुरईच्या कानांत दोरीने घासलेला गुळगुळीतपणा. पोलाकाची उपविभागणी अ, ब, क, ड अशा चार शैलींत करतात. शेवटची, साधारण १८९० ते १९००ची, संग्राहकासाठी फार रंजक आहे, कारण तिथे बदल चालू असतानाच दिसतो. वाडग्याच्या आत कत्सिनाचा (होपी धर्मातल्या देवात्म्याचा) चेहरा, विशेषतः पालहिक माना या स्त्री-कत्सिनाचा, आणि प्रवाशांसाठी केलेल्या चौकोनी फरशा याच काळात वाढल्या.

पुनरुज्जीवन आणि पिवळी घोटीव भांडी

रेल्वे १८८१-८२ मध्ये उत्तर अ‍ॅरिझोनातून गेली आणि बाहेरचा ग्राहक आला. कीम्स कॅन्यनचा व्यापारी थॉमस कीम जुनी भांडी जमवत होता आणि कुंभारणींकडून त्यांच्या प्रतीही करून घेत होता. त्याचा मोठा संग्रह आज हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात आहे. १८९५ मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स याने सिक्यात्की हे ओसाड गाव उकरलं. हानोची नाम्पेयो (सुमारे १८६० ते १९४२) ही सिक्यात्कीच्या या जुन्या, पुन्हा सुरू झालेल्या शैलीची सर्वात मोठी कलाकार. तिला प्रेरणा केवळ त्या उत्खननातून मिळाली असं अजूनही छापलं जातं, पण जुन्या नमुन्यांवरून काम त्याआधीच सुरू झालं होतं. भांड्याला डोळे मिटून ‘१८९५ नंतरचं’ ठरवू नका, इतकाच याचा व्यवहारी अर्थ.

१९००च्या सुमारास पांढरा लेप मागे पडला आणि लेप नसलेली, दगडाने घोटलेली पिवळी भांडी आली. कच्ची असताना ही माती करडी दिसते, भाजल्यावर पिवळी, नारिंगी किंवा सायीसारखी होते. दुसरी एक माती भाजल्यावर लाल होते, तिची लाल भांडी किंवा लाल लेप करतात. भांडं चाकावर नसतं. तळ उथळ खापरीत बसवून वर मातीच्या वळ्या चढवतात, भोपळ्याच्या तुकड्याने खरवडतात, दगडाने घोटतात. मग मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या उघड्या आव्यात भाजतात. मेंढ्या स्पॅनिशांबरोबर आल्या, त्याआधी कोळसा होता. म्हणजे भाजणीचं इंधनसुद्धा काळ सांगतं.

या भाजणीमुळे एकाच भांड्यावर रंग बदलत जातो, फिकट पिवळ्याहून केशरीकडे आणि परत. इंधन किंवा खापर अंगाला टेकलं तिथे करडा-काळा डाग उरतो. हे दोष नाहीत, उघड्या आगीची साक्ष आहेत. संपूर्ण भांडं एकसारख्या पीच रंगाचं असेल, कुठेही ढग नसेल, तर विजेच्या भट्टीची शंका घ्या.

आतून बोट फिरवा. वळ्यांच्या खरवडीमुळे भिंतीची जाडी किंचित कमी-जास्त लागते, गळ्याच्या आत बोटांचे ठसे किंवा खरवडीच्या रेघा असतात. साच्यात ओतलेल्या भांड्याची भिंत सगळीकडे सारखी असते, आत अगदी गुळगुळीत, आणि बाहेरून उभी शिवण घासून काढल्याची पट्टी तिरक्या उजेडात दिसते. अशी साच्यातली भांडी रंगवून ‘होपी’ म्हणून विकली जातात. मेक्सिकोतल्या माता ओर्तिझ गावाची भांडी मात्र हातचीच असतात. हुआन केसादाने तिथे सुरू केलेली ही परंपरा स्वतःच्या तोलाची आहे. फक्त ती पातळ, काटेकोर, बहुधा सही असलेली भांडी होपी समजून घेऊ नयेत.

रंग आणि रेघ

काळा रंग म्हणजे उगाळलेला लोहयुक्त दगड आणि उकळून आटवलेला वनस्पतीचा रस. कुंचला युक्काच्या पानाचा. युक्का आपल्या घायपाताच्या जातीची. पान चावून किंवा ठेचून धागे मोकळे करतात, म्हणून लांब रेघ एका दमात येते आणि वळणावर किंचित जाड-बारीक होते. खरा काळा जिथे पातळ लागलाय तिथे तपकिरी दिसतो. तो निस्तेज असतो, घोटलेल्या अंगापेक्षा कमी चमकतो.

भिंगाखाली मुख्य प्रश्न एकच: रंग ओरखड्याच्या खाली आहे की ओरखड्यात उतरलाय? ओरखडा रंगाला कापत असेल तर रंग आधीचा. रंग ओरखड्याच्या किंवा टवक्याच्या आत गेलेला असेल तर तो नंतर भरलाय. डागडुजी पकडायचा याहून स्वस्त उपाय नाही.

नक्षीत सिक्यात्की वारसा म्हणजे अमूर्त पक्षी, पिसं, वळलेल्या चोची, गरुडाची शेपटी. खांद्यावर बारीक समांतर रेघांच्या पट्ट्या आणि त्यांच्या टोकाला वळलेल्या चोची अशी जी रचना दिसते तिला ‘स्थलांतराची नक्षी’ म्हणतात, आणि ती नाम्पेयोच्या घराण्याशी घट्ट जोडलेली आहे. पण घराण्याशी, एकट्या तिच्याशी नाही. तिच्या मुली अ‍ॅनी, नेली, फॅनी आणि पुढच्या पिढ्यांनी ती सतत वापरली. पसरट, खाली झुकलेल्या खांद्याचा घडा हीसुद्धा घराण्याची ओळख. नाम्पेयोच्या चांगल्या कामात मोकळी जागा नक्षीइतकीच बोलते: जाड काळा आकार, शेजारी केसासारख्या रेघा, आणि मधे काहीही न भरलेलं पिवळं अंग. पृष्ठभाग काठोकाठ भरलेला असेल तर घाई करू नका.

आता नाव

नाम्पेयो लिहीत-वाचत नव्हती. १९२०च्या आसपास तिची दृष्टी जवळजवळ गेली. त्यानंतर ती घडवायची आणि रंगवायचं काम नवरा लेसू आणि मुली करत. लेसू १९३२ मध्ये वारला. तळाशी भाजण्यापूर्वी रंगाने ‘नाम्पेयो’ असं लिहिलेलं असेल तर ते हस्ताक्षर घरातल्या दुसऱ्या कुणाचं, अनेकदा फॅनीचं, आणि भांडं उतारवयातलं. पुढे वंशजांनीही हेच आडनाव लावलं, म्हणून नुसतं ‘नाम्पेयो’ वाचून आजीचं भांडं ठरत नाही. शेजारी पहिलं नाव किंवा कणसाचं चिन्ह आहे का ते बघा. कणीस हे त्यांच्या मका-कुळाचं.

पेन्सिलीने लिहिलेलं नाव भाजल्यानंतरचं. ते व्यापाऱ्याचं, मालकाचं किंवा संग्रहालयाचं टिपण असू शकतं. उपयोगी, पण सही नव्हे. हॉटेलं आणि दुकानं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने ग्रँड कॅन्यनच्या होपी हाउस या आपल्या दुकानात १९०५ आणि १९०७ साली नाम्पेयोला काम करून दाखवायला बोलावलं होतं, आणि ‘नाम्पेयोने बनवलेले, होपी’ अशा मजकुराच्या छापील चिठ्ठ्या भांड्यांवर लावल्या जात. अशी चिठ्ठी असेल तर कधीही काढू नका. मात्र कागद दुसऱ्या भांड्यावर चिकटवता येतो. चिठ्ठीभोवतीची झीज आणि मळ बघा: कागदाच्या कडेने मळाची रेषा असायला हवी, आणि कागदाखालून तळाची झीज पुढे चालू राहिलेली दिसता कामा नये.

विक्रेत्याच्या वर्णनात ‘नाम्पेयोचे असावे’ असं असेल तर ते एक मत आहे. मत कुणाचं आणि कशावरून, हे लेखी घ्या. कारण सांगता आलं नाही तर सही नसलेल्या होपी भांड्याची किंमतच द्या.

१९३० पासून फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाने होपी कारागिरांचं वार्षिक प्रदर्शन भरवलं आणि भांड्यावर खूण करायला उत्तेजन दिलं. नंतरच्या खुणांत काही लक्षात ठेवाव्यात. बेडूक ही पाक्वा नाहाची (मृत्यू १९५५) आणि तिची मुलगी जॉय नवासी हिचीही खूण. आईच्या बेडकाची बोटं आखूड, मुलीच्या बेडकाच्या पायांना पडदे. पीस ही हेलन नाहाची खूण, फूल सेडी अ‍ॅडम्सची. पाक्वा आणि जॉय यांची पांढरी भांडी १९५०च्या दशकापासूनची, घोटीव आणि न तडकलेली. त्यांना ‘जुनं पोलाका’ म्हणून कुणी विकत असेल तर लेपाकडे बोट दाखवा.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी

बरोबर ठेवायचं सामान थोडं: दहापट भिंग, ३६५ नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, साधी छोटी टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा, मोजपट्टी.

भांडं दोन्ही हातांनी, एक हात तळाखाली देऊन उचला, काठाला धरून कधीच नाही. मालकाला विचारून, मऊ पृष्ठभागावर ठेवून, बोटाच्या सांध्याने हलकेच वाजवा, उन्हाळ्यात माठ घेताना वाजवतो तसं. आवाज खणखणीत आला तर बहुधा अखंड, बद्द आला तर चीर किंवा भर शोधा. जाड पोलाका वाडगा अखंड असूनही थोडा बद्द वाजतो, म्हणून हा अंतिम निकाल मानू नका. मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट धरा. आधुनिक गोंद, भर आणि अ‍ॅक्रिलिक रंग निळसर-पांढरे किंवा हिरवट चमकतात, लाखेचा थर नारिंगी दिसतो. मूळ माती आणि खनिज रंग मंद राहतात. शेवटी आत टॉर्च ठेवून बाहेरून, आणि बाहेरून उजेड पाडून आरशाने आत, अशी चीर शोधा. बाहेरची बाजू रंगवून झाकलेली चीर आतून उघडी राहते, कारण डागडुजी करणारे आत कष्ट घेत नाहीत.

ओल्या बोळ्याने किंवा अ‍ॅसिटोनने घासून बघू नका. कमी आचेवरच्या भांड्याचा खरा रंगही ओल्याने उतरतो, आणि तुमचं बोटभर संशोधन मालकाचं नुकसान ठरतं.

काठावरचा जुना टवका सहन करण्यासारखा, नक्षीच्या मध्यातला नाही. केसासारखी चीर स्थिर असेल तर भांडं घ्यायला हरकत नाही. पुन्हा रंगवलेलं भांडं मात्र स्वस्त मिळालं तरी टाळा, कारण त्यावरून डोळा चुकीचं शिकतो. सुरुवात १९०० ते १९४० मधल्या, सही नसलेल्या, १० ते २० सेंटीमीटर व्यासाच्या पिवळ्या वाडग्यांपासून करा. ते प्रवाशांसाठी भरपूर बनले, खोट्या नावाचा मोह त्यांत कमी, आणि माती-भाजणी शिकायला उत्तम. त्याआधी फिनिक्सचं हर्ड म्युझियम, फ्लॅगस्टाफ आणि टूसॉनचं अ‍ॅरिझोना स्टेट म्युझियम बघा. अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे एकेका दिवसाचं काम आहे. फर्स्ट मेसाला गेलात तर गावांत छायाचित्रं काढायला मनाई आहे, ती पाळा, आणि आजच्या कुंभारणीकडून एक भांडं घ्या. जुन्या मातीची सगळ्यात चांगली ओळख नव्या मातीने होते.

काय घ्यायचं नाही

सिक्यात्की आणि जेडिटो काळाची अखंड भांडी मोठ्या प्रमाणात थडग्यांतून निघालेली आहेत. ती होपींच्या पूर्वजांबरोबर पुरलेली होती, आणि हे एवढं कारण पुरेसं आहे. कायदाही आहे: केंद्र सरकारच्या किंवा आदिवासींच्या जमिनीतून परवानगीशिवाय काढलेल्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यवहार १९७९च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. थडग्यातल्या आणि पवित्र वस्तूंसाठी १९९०चा कायदा वेगळा. २०२२च्या स्टॉप कायद्याने अशा वस्तू अमेरिकेबाहेर नेण्यावर बंदी घातली, म्हणून भारतात पाठवण्याआधी कागद तपासून घ्या. पायऱ्यांसारख्या काठाचे विधींचे वाडगे आणि कत्सिनांचे मुखवटे कुणी कितीही कागद दाखवले तरी सोडून द्या.

विक्रीसाठीच बनलेल्या पोलाका आणि हानो भांड्यांचा संग्रह करायला अडचण नाही. तरीही पावतीवर ‘होपी’ किंवा ‘होपी-तेवा’, अंदाजे काळ, आधीचे मालक, आणि डागडुजी हे चारही लिहून घ्या.

घरी आणल्यावर

पाणी, फुलं, अन्न काहीही आत नको. भिंत पाणी शोषते, विरघळलेले क्षार बाहेर येताना पृष्ठभाग ढकलतात आणि रंगासकट पापुद्रे निघतात. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झटका. रंग सुटत असेल तिथे तेही नको. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भांडं बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका आणि बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळच्या वेळी बदला. गोल तळाचं भांडं कापडाच्या कड्यावर बसवा.

प्रत्येक भांड्याची नोंद करा: उंची, सर्वात मोठा व्यास, तोंडाचा व्यास, चार बाजू, तळ आणि आतली अशी सहा छायाचित्रं, आणि एक अल्ट्राव्हायोलेट खालचं. नोंदीचा क्रमांक भांड्यावर लिहू नका, चिठ्ठी आत ठेवा. भांडं फुटलंच तर बारीक चुऱ्यासकट सगळे तुकडे वेगवेगळ्या मऊ कागदांत गुंडाळा, कडा एकमेकींना लावून बघू नका, कारण त्याने कडा झिजतात आणि सांधा कधीच नीट बसत नाही. घरचा झटपट गोंद लावला तर तो पुढे काढता येत नाही. संग्रहालयांसाठी काम करणारे संवर्धक पॅरालॉइड बी-७२ वापरतात, जो अ‍ॅसिटोनने पुन्हा सोडवता येतो. काम त्यांच्याकडेच द्या आणि काय जोडलं, किती भर घातली हे नोंदीत लिहून घ्या.